धावपट्टी केवढी दिसावी?

गोव्यातल्या साखळी गावापासून सरळ रेषेत मोजले तर वायव्येला मोपचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नैऋत्येला दाबोळीचा विमानतळ, दोन्ही पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत येतात. मोपच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रवासी विमाने उतरू लागली. तेव्हापासून पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या आकाशात विमान ही रोजची गोष्ट झाली आहे. अशा मुलखात एखाद्या मुलाला किंवा मुलीला घरच्या संगणकावर विमान चालवून पाहावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. साधनेही हाताशी आहेत. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून निघतो आहे आणि २०२० च्या आवृत्तीपासून त्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलेली जमीन दिसते. एक्स-प्लेन आहे, आणि एक पैसाही न देता उतरवून घेता येणारा फ्लाइटगिअर आहे. या सगळ्यांत एक सेटिंग अगदी पहिल्या दिवशी समोर येते आणि बहुतेक वेळा विचार न करताच बदलली जाते. ती म्हणजे कॉकपिटमधून दिसणाऱ्या दृश्याचा झूम. झूम मागे घेतला की अधिक काच, अधिक घड्याळे, अधिक आकाश दिसते आणि बरे वाटते. पण उतरण्याचा सराव मनापासून करायचा असेल, तर झूम आवडीवर सोडता येत नाही. तो पडद्याची रुंदी आणि डोळ्याचे अंतर या दोन मापांनी ठरतो, आणि ही मापे घेण्याची सवय सिम्युलेटरवर बसणाऱ्या प्रत्येकाने लावून घ्यावी, हे या लेखाचे म्हणणे आहे.

मुळात कोणतेही यथार्थदर्शी चित्र एकाच बिंदूवरून खरे दिसते. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने हे दाखवून दिले. त्याने चित्राच्या फळीला भोक पाडले आणि पाहणाऱ्याला फळीच्या मागून, त्या भोकातून, समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायला लावले. डोळा नेमका कुठे असावा हे त्या भोकाने ठरवून टाकले होते. सिम्युलेटरचा पडदा हेही असेच चित्र आहे, फक्त ते दर क्षणी नव्याने काढले जाते. संगणक चित्र काढताना पाहणाऱ्याचा डोळा पडद्यापासून अमुक अंतरावर आहे असे धरून चालतो, आणि ते धरलेले अंतर म्हणजेच झूम. पडदा ही खोलीच्या भिंतीतली खिडकी मानली तर हे चटकन कळते. खिडकीपासून दूर उभे राहिले की तिच्या चौकटीत बाहेरचा थोडाच भाग मावतो, आणि नाक काचेला लावले की पुष्कळ मावतो. झूम मागे घेणे म्हणजे प्रत्यक्षात न हलता संगणकाला सांगणे, की मी काचेला नाक लावून बसलो आहे. तो त्या जागेवरून दिसणारे विस्तीर्ण दृश्य काढून देतो, पण आपण तिथे नसतो. म्हणून त्या चित्रातली प्रत्येक वस्तू असायला हवी त्यापेक्षा लहान दिसते.

हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. पडद्याची अर्धी रुंदी भागिले डोळ्यापासूनचे अंतर, त्याचा व्यस्त टॅन्जंट, आणि त्याची दुप्पट: एवढा कोन पडदा आपल्या डोळ्याशी करतो. पडद्याची रुंदी आणि अंतर सारखे असेल तर हा कोन ५३ अंश येतो. रुंदी अंतराच्या निम्मी असेल तर २८ अंश, दीडपट असेल तर ७४ आणि दुप्पट असेल तर ९० अंश. घराघरांत दिसणाऱ्या साधनांना हे लावून पाहू. २७ इंची मॉनिटरची रुंदी जवळजवळ ६० सेंटिमीटर असते, म्हणजे ६० सेंटिमीटरांवर बसणाऱ्याला तो ५३ अंशांचा. २४ इंची मॉनिटर तेवढ्याच अंतरावरून ४८ अंशांचा. १५.६ इंची लॅपटॉप अर्ध्या मीटरवरून ३८ अंशांचा. आणि दिवाणखान्यातला ५५ इंची टीव्ही अडीच मीटरांवरच्या सोफ्यावरून फक्त २७ अंशांचा. म्हणजे घरातला सर्वांत मोठा पडदा डोळ्यासाठी सर्वांत अरुंद ठरतो. मोठ्या टीव्हीवर विस्तीर्ण झूम लावणारा माणूस लॅपटॉपवाल्यापेक्षाही खऱ्या मापापासून दूर असतो. फ्लाइटगिअरने आपला मूळ कोन ५५ अंश ठेवला आहे आणि तो टेबलावरच्या २७ इंची मॉनिटरशी जवळजवळ जुळतो. इतर गेम कोणता कोन धरून सुरू होतात हे बनवणाऱ्यांच्या पसंतीवर असते. तुमचा पडदा केवढा आहे आणि तुम्ही किती अंतरावर बसता हे त्यांना कळायला मार्ग नाही, म्हणून त्यांनी दिलेला आकडा प्रमाण मानण्याचे कारण नाही.

चुकलेल्या झूमचा परिणाम उतरताना कसा होतो, ते आकड्यांत पाहावे. मोठ्या प्रवासी विमानांच्या धावपट्टीची रुंदी साधारणपणे ४५ मीटर असते. तीन किलोमीटरांवरून ती डोळ्याशी जेमतेम ०.९ अंशाचा कोन करते. ६० सेंटिमीटरांवर ठेवलेल्या ६० सेंटिमीटर रुंद पडद्यावर ती खऱ्या मापाने ९ मिलिमीटर दिसायला हवी. झूम मागे घेऊन दृश्य ९० अंशांचे केले की तीच धावपट्टी साडेचार मिलिमीटरांवर येते, आणि एवढी धावपट्टी खरे तर सहा किलोमीटरांवरून दिसते. म्हणजे विमान आहे तीन किलोमीटरांवर आणि डोळा म्हणतो सहा. दुसरी खूणही अशीच बिघडते. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर येणाऱ्या वैमानिकाला टेकण्याची जागा क्षितिजाच्या तीन अंश खाली दिसते. आपल्या पडद्यावर हे अंतर ३.१ सेंटिमीटर असायला हवे, पण विस्तीर्ण दृश्यात ते १.६ सेंटिमीटर होते. त्यामुळे उतार योग्य असूनही विमान फार सपाट येते आहे असे वाटते. मात्र धावपट्टीचा आकार, तिच्या लांबी-रुंदीचे पडद्यावरचे प्रमाण, तेवढेच राहते. तीन खुणांपैकी दोन खोट्या, एक खरी, अशी स्थिती होते आणि डोळ्याने कोणाचे ऐकायचे हे ठरेनासे होते. धावपट्टीशेजारचे पापीचे (पीएपीआय), म्हणजे उताराचा कोन दाखवणारे दिवे मात्र गेममध्येही खरे बोलतात, कारण दोन पांढरे आणि दोन लाल हा हिशेब विमानाच्या प्रत्यक्ष कोनावर चालतो, झूमवर नाही. दिवे सांगतात बरोबर आहे आणि डोळा सांगतो चूक आहे, हा गोंधळ ज्यांना वारंवार जाणवतो त्यांनी आधी झूम तपासावा.

हा गोंधळ क्षुल्लक नाही, कारण खऱ्या उड्डाणातही डोळा नेमका याच बाबतीत फसतो. अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक यंत्रणेचे वैमानिकांसाठीचे हँडबुक सांगते, की सवयीपेक्षा अरुंद धावपट्टी पाहून आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते. काचेवरच्या पावसानेही उंची जास्त भासते आणि धूसर हवेत धावपट्टी दूर वाटते. हे न ओळखणारा वैमानिक हवे त्यापेक्षा खालून येतो. बोइंगच्या कॉनराड क्राफ्ट यांनी सिम्युलेटरवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रात्रीच्या अंधारात फक्त शहराचे दिवे दिसत असताना अनुभवी वैमानिकही डोळ्याच्या भरवशावर धोकादायकरीत्या खाली आले. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि धूसर हवा हाच ऋतू असतो. मोपचा विमानतळ तर सड्यावर आहे आणि आजूबाजूची जमीन खाली उतरत जाते. इथल्या पावसाळी हवेत उतरण्याचा सराव करू पाहणाऱ्याने हवामान हुबेहूब लावले आणि झूम दुप्पट विस्तीर्ण ठेवला, तर पावसाने होणारा भ्रम कोणता आणि सेटिंगने केलेला भ्रम कोणता, हे त्याला कधीच वेगळे करता येणार नाही. हुबेहूबपणाची किंमत एका चुकलेल्या आकड्याने वाया जाते.

याला पहिला आक्षेप असा येतो, की खऱ्या मापाने दृश्य फार अरुंद होते. माणसाचे दोन डोळे मिळून आडवे सुमारे २०० अंश पाहतात, मग ४८ किंवा ५३ अंशांत विमान कसे चालवायचे? आक्षेपातली अडचण खरी आहे. मोठ्या विमानकंपन्यांच्या सिम्युलेटरना याच कारणाने दृश्य भरपूर रुंद ठेवावे लागते. एफएएच्या नियमांत वरच्या दोन दर्जांसाठी, म्हणजे सी आणि डीसाठी, किमान १७६ अंश आडवे आणि ३६ अंश उभे दृश्य लागते, आणि ते वक्र आरशातून असे दाखवले जाते की ते दूर क्षितिजावर आहे असे वाटावे. पण त्याच नियमांत ए आणि बी दर्जाच्या सिम्युलेटरसाठी प्रत्येक वैमानिकापुढे ४५ अंश आडवे आणि ३० अंश उभे दृश्य पुरते. ६० सेंटिमीटरांवरचा २४ इंची मॉनिटर ४८ अंश आडवा आणि २८ अंश उभा असतो. म्हणजे एवढ्याशा चौकटीतून विमान चालवता येते, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले आहे. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की दृश्य रुंद करायचे असेल तेव्हा त्यांनी पडदे वाढवले. मोठे दृश्य लहान पडद्यात दाबून बसवले नाही. घरीही रुंदी वाढवण्याचे प्रामाणिक मार्ग आहेत. २७ इंची पडदा ६० ऐवजी ४५ सेंटिमीटरांवर ओढला की ५३ अंशांचे ६७ होतात आणि एक रुपयाही लागत नाही. तीन मॉनिटर कोनात लावता येतात. व्हीआर हेडसेटमध्ये भिंगे आणि पडदा कायमचे जोडलेले असतात, म्हणून तिथे माप आपोआप खरे राहते. यांतले काहीच जमत नसेल तर जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने मान वळवावी. खरा वैमानिकही वळण घेताना धावपट्टी शोधायला मान वळवतोच.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. जमिनीवर टेकण्याआधीच्या शेवटच्या क्षणांत, विमानाचे नाक उचलताना, वैमानिक डोळ्याच्या कडेने धावणारी जमीन पाहून उंची आणि वेग जोखतो. ती कडेची नजर अरुंद दृश्यात मिळत नाही, म्हणून विस्तीर्ण झूम बरा, असे म्हटले जाते. पण विस्तीर्ण झूम कडेची नजर देतच नाही. तो बाजूची जमीन आणून डोळ्याच्या मध्यभागी बसवतो. मध्यापासून २७ अंशांच्या आत मावलेल्या पडद्याच्या कडेवर ४५ अंशांवरची जमीन दिसते, आणि सपाट पडद्यावर ती मध्यापेक्षा दुप्पट ताणलेली असते. बरोबर अंतरावर बसलेल्या डोळ्याला हा ताण जाणवला नसता, पण ९० अंशांचे दृश्य बरोबर दिसायला ६० सेंटिमीटर रुंद पडद्यापासून ३० सेंटिमीटरांवर बसावे लागेल, आणि तसे कोणी बसत नाही. परिणामी मध्यभागातली धावपट्टी जवळ येताना संथ वाटते आणि कडेची जमीन भलत्याच वेगाने पळते. नाक कधी उचलायचे हे शिकण्यासाठी हे मिश्रण उपयोगाचे नाही. कडेची नजर हवी असेल तर पडदा कडेला हवा.

कोणी विचारेल, दिवे आणि उपकरणे असताना डोळ्याला एवढे महत्त्व कशाला? दाबोळीलाच नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची प्रतिकृती असलेली चाचणी सुविधा आहे, आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसची नौदल आवृत्ती तिथेच आडवी तार पकडून थांबली. डेकवर उतरणारे वैमानिक उताराचा कोन राखण्यासाठी दिव्यांच्या यंत्रणेकडे पाहतात, कारण तिथे डोळ्याच्या अंदाजावर सोडण्याइतकी जागाच नसते. पण नागरी धावपट्टीवर पापीचे दिवे उंबरठ्याजवळ येईपर्यंतच साथ देतात. त्यानंतर नाक उचलणे, मध्यरेषा धरणे आणि टेकणे हे काम डोळ्याचे असते. म्हणून तर विमान बनवणारे वैमानिकाच्या डोळ्याची जागा आखून देतात. गोव्याच्या दोन्ही विमानतळांवर रोज येणाऱ्या एअरबस ए३२० च्या कॉकपिटमध्ये समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर छोटे गोळे बसवलेले असतात, आणि एक गोळा दुसऱ्याच्या आड जाईपर्यंत वैमानिक आपली खुर्ची हलवतो. कोट्यवधींच्या विमानात बसण्याआधी डोळ्याची जागा ठरवली जाते. घरच्या सिम्युलेटरमध्ये तेच काम झूम करतो, म्हणून त्यालाही तेवढाच मान हवा.

एक आक्षेप मात्र मान्य करून पुढे जावे लागते. भूमितीने काढलेला झूम हा शेवटचा शब्द आहे का? १९६६ मध्ये स्टॅनली रॉस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरिस्कोपमधून उड्डाणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. वैमानिकांना काचेतून बाहेर पाहू न देता, पेरिस्कोपने पडद्यावर आणलेल्या चित्रावरून खरे विमान उडवायला आणि उतरवायला लावले होते. भूमितीने अचूक, म्हणजे एकास एक मापाच्या चित्रात वस्तू लहान आणि दूर वाटल्या, आणि चित्र सुमारे सव्वापट मोठे केले तेव्हा उतरणे सर्वांत चांगले जमले. माणसाचा डोळा पडद्यावरच्या दूरच्या वस्तू थोड्या लहान धरतो, असा याचा अर्थ. पण हा पुरावा विस्तीर्ण झूमच्या बाजूचा नाही, तो उलट दिशेचा आहे. मापापासून ढळायचेच असेल तर चित्र मोठे करण्याकडे ढळावे. आपल्या २७ इंची पडद्यासाठी सव्वापट म्हणजे ५३ ऐवजी ४४ अंश होतात. तेव्हा ४४ ते ५३ हा पट्टा समंजस आहे आणि ९० अंश त्याच्या कितीतरी बाहेर आहे.

घड्याळे वाचता येत नाहीत, ही तक्रार व्यवहारातली आहे आणि तिचे मूळ पडद्याच्या ठिपक्यांत आहे. निरोगी डोळा सुमारे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा ओळखतो. १९२० ठिपके रुंद पडद्यावर खऱ्या मापातही मध्यभागीचा एक ठिपका १.८ मिनिटांचा असतो, आणि ९० अंशांत तो ३.६ मिनिटांच्या दृश्याला व्यापतो. म्हणजे दूरचे विमान किंवा धावपट्टीचा आकडा विस्तीर्ण झूममध्ये निम्म्या अंतरावर आल्याशिवाय ओळखू येत नाही. उपकरणांसाठी क्षणभर झूम पुढे नेऊन परत मूळ जागी आणावा किंवा घड्याळांची वेगळी खिडकी उघडावी. व्यावसायिक सिम्युलेटरमध्येही घड्याळे प्रत्यक्ष फळीवर असतात आणि पडदा फक्त बाहेरच्या दृश्यासाठी राखलेला असतो. त्याच रीतीने पडद्याचा बहुतेक भाग काचेला द्यावा.

माप जुळवण्याच्या दोन खात्रीच्या रीती आहेत. एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअरसारख्या ठिकाणी कोन अंशांत देता येतो, तिथे हिशेबाचा आकडा लिहिला की झाले. मायक्रोसॉफ्टच्या गेममध्ये झूमचा आकडा अंश सांगत नाही, म्हणून तिथे तपासणी करावी लागते. विमान मोकळ्या जागी उभे करून पडद्याच्या अगदी डाव्या कडेवर क्षितिजावरची एखादी खूण धरावी आणि दिशादर्शकाचा आकडा टिपावा. मग विमान डावीकडे फिरवत जावे, ती खूण उजव्या कडेवर पोचेपर्यंत. दिशेच्या दोन आकड्यांतला फरक हाच दृश्याचा आडवा कोन. तो हिशेबाशी जुळेपर्यंत झूम हलवावा. दुसरी रीत पट्टीची. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानातली नेहमीची गोल घड्याळे सव्वातीन इंचांच्या किंचित आतली, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाची असतात. पडदा आणि विमानातली फळी डोळ्यापासून साधारण सारख्या अंतरावर असतील, तर पडद्यावरचे घड्याळही पट्टीने ८ सेंटिमीटरांच्या आसपास भरायला हवे. ते ४ सेंटिमीटर भरले तर झूम दुप्पट मागे आहे.

यात आणखी एक लाभ आहे, जो फक्त वैमानिक होऊ पाहणाऱ्यांपुरता नाही. साखळीच्या पूर्वेला केरीपलीकडे चोर्ल्याच्या दिशेने सह्याद्री उभा आहे. ८०० मीटर उंचीची कडा १५ किलोमीटरांवरून तीन अंश उंच दिसते. आपल्या पडद्यावर ती तीन सेंटिमीटरांहून थोडी अधिक हवी, आणि विस्तीर्ण झूममध्ये ती दीड सेंटिमीटरावर येते. गेममधला सह्याद्री ओळखीचा वाटत नाही, टेकडीसारखा दिसतो, ही नाराजी पुष्कळदा चित्र बनवणाऱ्यांच्या माथी मारली जाते. अनेकदा डोंगर बरोबर असतो आणि आपणच त्याला दुप्पट दूर ढकललेला असतो. ज्याला आपला मुलूख वरून पाहायचा आहे, वाळवंटी नदी आणि डिचोलीच्या खाणी ओळखायच्या आहेत, त्यालाही खऱ्या मापाची गरज तेवढीच आहे.

घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला जड असतो. म्हणूनच पेडणे-डिचोलीतल्या ज्या मुलामुलींना हे स्वप्न आहे, त्यांच्या घरच्या सरावाकडे गांभीर्याने पाहायला हवे. महागडी जॉयस्टिक किंवा नवे ग्राफिक्स कार्ड घेणे सगळ्यांना परवडणार नाही, पण शिवणकामाच्या डब्यातली टेप सगळ्यांकडे असते. पडद्याची रुंदी मोजावी, डोळ्याचे अंतर मोजावे, आलेला कोन कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावा आणि उतरण्याचा प्रत्येक सराव त्याच कोनात करावा. नजारा पाहायचा असेल, छायाचित्र घ्यायचे असेल, तेव्हा झूम हवा तसा फिरवावा, पण आपण मापापासून किती दूर आलो आहोत हे माहीत असताना. उद्या खऱ्या विमानात बसल्यावर जे पुष्कळ काही नव्याने शिकावे लागेल, त्यात चुकीची शिकलेली नजर विसरण्याचे काम तरी वाढायला नको.